आधी मिस्टरांचं सॅम्पल आणा!

बाळाचा जी-सिक्स-पीडीचा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमचा, रिपोर्ट कमी आला असेल तर हे वाचाच. आमच्या मुलाला तिसऱ्या दिवशी कावीळ चढली. निळ्या दिव्याखाली ठेवल्यावर ती उतरली, पण तपासणीत हे एन्झाइम कमी निघालं. इथपर्यंत सगळं नीट पार पडलं.

हा दोष मुलाला आईकडून येतो आणि माझी धाकटी बहीण गरोदर, म्हणून डॉक्टरांनी माझीही तपासणी करायला सांगितली. माझं एन्झाइम नॉर्मल! डॉक्टर म्हणाले, "यावर जाऊ नका. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद असतं. काही तांबड्या पेशी चांगल्या, काही कमी एन्झाइमच्या, त्यामुळे एकूण आकडा नॉर्मल येऊ शकतो." मुलाच्या डीएनएमध्ये 'मेडिटेरेनियन' नावाचा बदल सापडला होता: जीनच्या ५६३व्या जागी सी या अक्षराऐवजी टी. माझ्यात तेवढाच शोधायचा होता.

वाशीच्या एका कलेक्शन सेंटरवर गाडं अडलं. फॉर्मवर पहिला रकाना वडिलांचा. काउंटरवरचा म्हणाला, "मॅडम, आधी मिस्टरांचं सॅम्पल आणा." मी म्हटलं, अहो, हे जीन एक्सवर असतं. मुलाला बापाकडून वाय मिळतो, एक्स आईचाच. त्यांच्या रक्तात काय शोधणार? "नियम आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नवरा म्हणाला, "देऊन टाकतो रक्त, विषय संपव." मी नाही म्हटलं. बाळ दीड महिन्याचं, दर दोन-तीन तासांनी पाजायचं, नेरुळहून खेपा, आणि नको असलेल्या टेस्टचे पैसे का भरायचे? तिसऱ्या खेपेला डॉक्टरांची चिठ्ठी नेली आणि तिथूनच मुख्य लॅबच्या जेनेटिक्स विभागाला फोन लावायला लावला. तिथल्या बाईंना दोन वाक्यांत कळलं: "वडिलांचा रकाना रिकामा सोडा." रक्त काढल्यावर जांभळ्या बुचाच्या ट्यूबवरचं लेबल वाचलं, तर त्यावर पुन्हा एन्झाइम टेस्टच! ते समोर बदलून घेतलं. लेबल वाचल्याशिवाय उठू नका.

माझ्या एका एक्सवर तो बदल निघाला. म्हणजे प्रत्येक मुलाला तो जायची शक्यता निम्मी. बहिणीत तो नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

हो, डांबराच्या गोळ्या! आईने जपलेली माझी दुपटी त्यांच्याच वासाची होती, ती लगेच परत पाठवली. या मुलांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. मलेरियाच्या प्रायमाक्वीननेही. इथे पावसाळ्यात ताप आला की डॉक्टरांना हे आधी सांगा.

त्यावरून आईला आठवलं, ठाण्याच्या मामाला मलेरियाच्या गोळ्यांनंतर काळ्या चहासारखी लघवी झाली होती. तेव्हा त्याची हीच टेस्ट नॉर्मल आली होती. पण ती ऐन आजारपणात केलेली. जुन्या पेशी फुटून गेल्या की उरलेल्या नव्या पेशींत एन्झाइम जास्त असतं, म्हणून तपासणी तीनेक महिन्यांनी पुन्हा करावी लागते. त्याची कुणी केलीच नाही. मामाला एकच मुलगी. त्याचं एन्झाइम कमी निघालं, तर त्याचा एकुलता एक्स तिच्याकडे गेलेलाच आहे. सोमवारी मी त्याला घेऊन जातेय.