तुम्ही विचारलंत म्हणून: स्टेमचं घोडं अडतं कुठं?

विज्ञान शिक्षकांची प्रशिक्षणं घेतो, त्यामुळे नागपुरातले पालक भेटले की एक प्रश्न ठरलेला: 'सर, बाहेरच्या देशांत मुलं शाळेतच रोबोट बनवतात. आपल्याकडे हे स्टेम का जमत नाही?' स्टेम म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित एकत्र, हातांनी करून शिकणं.

'पैसा नाही' हे उत्तर त्यांना अपेक्षित असतं. पण केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी (मुलांनी वस्तू बनवून शिकायची शाळेतली प्रयोगशाळा) निवडलेल्या शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, आणि २०१६ पासून देशभरात अशा दहा हजार लॅब उभ्या राहिल्या. सामान येतं, डेडस्टॉक रजिस्टरला चढतं आणि कपाटात जातं. शहरातल्या एका शाळेत थ्रीडी प्रिंटरवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. किल्ली सांभाळणारे सर म्हणाले, "एक सेन्सर हरवला तं कोनाच्या पगारातून कापतील, सांगा!" त्यांच्यावर काय रागावणार? डोक्यावर मतदार याद्यांचं काम, आणि दहावीचा पोर्शन अर्धा बाकी.

बाहेर तरी कुठे सगळं आलबेल आहे? पेरूने शाळकरी मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांवर काहीच परिणाम दिसला नाही. इंग्लंडने २०१४ पासून पाच वर्षांच्या पोरांपासून कम्प्युटिंग सुरू केलं. तीन वर्षांत तिथल्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिकांच्या संस्थेचा अहवाल आला: शिकवणाऱ्यांचीच पुरेशी तयारी नाही.

जमलं कुठे म्हणाल, तर भोपाळच्या गाडीत बसा, इटारसीनंतर मध्य प्रदेशातलं होशंगाबाद, आताचं नर्मदापुरम. १९७२ मध्ये तिथल्या १६ शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांतून शिकवायला सुरुवात झाली. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांची काड्यांची खेळणी तिथलीच. आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडायच्या. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण जागचा हलत नाही. इमारतीच्या छपराला आधार देणाऱ्या कैचीत त्रिकोण का असतात, हे पोराला न सांगता कळतं. खर्च चिल्लर. खरी मेहनत दुसरीकडे होती: शिक्षकांच्या दरमहा बैठका, पुस्तक उघडं ठेवून लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिकाची वेगळी परीक्षा. पुढे शेकडो शाळांत पसरलेलं हे काम २००२ मध्ये राज्य सरकारनेच बंद केलं. मला हे पेरूच्या लॅपटॉपपेक्षा जास्त खटकतं.

तर शाळा बघायला गेलात की प्रिंटर दाखवतीलच, बघून घ्या. मग सहावीच्या टाइमटेबलमध्ये प्रयोगाचे तास किती आणि त्याला गुण किती, तेवढं विचारा.