इको कुठून येतोय? ऑफिसात व्हिडिओ कॉन्फरन्सिंग बसवतानाचा माझा अनुभव

आमचं ऑफिस सहा जणांचं. बाहेरच्या मंडळींशी बैठक असली की सगळे एका लॅपटॉपसमोर दाटीवाटीने बसायचो. शेवटी मीटिंगच्या खोलीत नीट सोय करायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. भिंतीवर टीव्ही, त्याखाली यूएसबी कॅमेरा, टेबलाच्या मधोमध स्पीकरफोन (माइक आणि स्पीकर एकातच असलेलं उपकरण) आणि हे सगळं चालवायला एक लॅपटॉप. एका सकाळी जोडून झालं.

पुढचे तीन आठवडे इकोने खाल्ले.

पहिल्याच बैठकीत पलीकडचे म्हणाले, "आमचाच आवाज आम्हाला परत ऐकू येतोय." आमच्या खोलीत मात्र सगळं स्वच्छ. विक्रेत्याला फोन केला, तर उत्तर तयार होतं: "सर, नेट तपासा." तपासलं. अपलोड २० एमबीपीएस येत होतं. १०८०पी ग्रुप कॉललाही साधारण ४ एमबीपीएस पुरतात. तरी वायफाय सोडून लॅन केबल लावली. इको तसाच. पुन्हा फोन. "मग राउटर बदला." तोही बदलला. तिसऱ्या खेपेला त्यांचा माणूस आला, आमच्या खोलीत बसून पाच मिनिटं ऐकलं, "मला तर काही ऐकू येत नाही" म्हणाला आणि निघून गेला.

याचा राग मला अजून आहे. इको ज्याला ऐकू येतो, त्याच्याकडे बहुधा दोष नसतोच. पलीकडचा बोलतो, त्याचा आवाज आपल्या स्पीकरमधून निघतो, आपल्याच माइकमध्ये शिरतो आणि त्याच्याकडे परत जातो. म्हणजे बिघाड आमच्या खोलीत होता, पण तो ऐकायला पलीकडे बसायला हवं होतं. हे उपकरणं विकणाऱ्याला माहीत असायलाच हवं. नेट कमी पडलं तर आवाज तुटतो, चित्र अडकतं. नेट स्वतःहून इको तयार करत नाही.

शेवटी पलीकडच्या एका सहकाऱ्याला अर्धा तास थांबवून घेतलं. मी आमचा माइक म्यूट केला, इको गेला. चालू केला, परत आला. इथवर खात्री पटली. मग एकेक वायर काढत गेलो. टीव्हीची एचडीएमआय केबल काढली आणि पलीकडून सहकारी म्हणाली, "आता एकदम छान!"

कारण साधं होतं. एचडीएमआय लावली की लॅपटॉप आवाजही टीव्हीकडे पाठवत होता. माइक स्पीकरफोनचा, आवाज टीव्हीचा. स्पीकरफोन इको काढतो तो स्वतः काय वाजवतोय हे त्याला ठाऊक असतं म्हणून. तेवढा आवाज तो माइकमधून वजा करतो. टीव्हीतून आलेला आवाज त्याला खोलीत कुणीतरी बोलल्यासारखाच वाटतो. मीटिंगचं ॲपही इको काढायचा प्रयत्न करतं, पण टीव्ही आवाजावर स्वतःची प्रक्रिया करून तो जरा उशिरा सोडतो, त्यात ॲपचाही हिशेब चुकतो.

उपाय दोन मिनिटांचा. ॲपच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर आणि माइक, दोन्ही ठिकाणी स्पीकरफोनचंच नाव निवडलं. लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमध्ये टीव्हीचं आउटपुट डिसेबल केलं. हे दुसरं विसरू नका, नाहीतर केबल काढून लावली की आवाज पुन्हा टीव्हीवर जाऊ शकतो. त्या दिवशी तासभराची बैठक एकदाही न थांबता झाली. इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

एक वेगळा प्रकारही भेटला: कर्कश शिट्टी. स्क्रीन शेअर करायला कुणी त्याच खोलीतून आपल्या लॅपटॉपवर जॉइन झालं, की दोन माइक आणि दोन स्पीकर एकमेकांना ऐकवत बसतात. दुसऱ्या लॅपटॉपने ऑडिओ न जोडताच यावं. गूगल मीटमध्ये यासाठी कम्पॅनियन मोड आहे.

खरेदीआधी करायची गोष्ट आत्ता आठवली: टेबलापासून लॅपटॉपपर्यंतचं अंतर टेपने मोजा. साधी यूएसबी २.० केबल ५ मीटरपर्यंतच भरवशाची. त्यापुढे ॲक्टिव्ह एक्स्टेन्शन (वाटेत सिग्नलला बळ देणारी केबल) लागते. आम्ही आधी साधीच लांब केबल आणली होती, त्यावर स्पीकरफोन मधेच गायब व्हायचा.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला असू द्या, आणि बसणाऱ्यांच्या पाठीशी खिडकी नको, चेहरे काळे दिसतात. आमची खिडकी नेमकी तिथेच होती, म्हणून टेबल फिरवलं. काचेवर जाड पडदे लावले, त्याने खोलीत आवाज घुमणंही बरंच कमी झालं.

नवीन यंत्रणा आणलीत तर पहिली चाचणी खोलीतल्या माणसांवर सोडू नका. एकाला घरी पाठवा, तिथून जॉइन व्हायला सांगा, आणि आवाज कसा आहे ते त्यालाच विचारा.