तुम्ही विचारलंत म्हणून : खड्ड्यात नुसती चरबी भरून का चालत नाही?

दुचाकीवरून पडल्यावर गालावर खोल व्रण राहिलेली मंडळी पुण्यात काही कमी नाहीत. प्लास्टिक सर्जन म्हणून मला ती हटकून विचारतात, ‘‘पोटावरची चरबी काढून या खड्ड्यात भरता येते ना? मग आधी सुई कशाला?’’

याचे कारण असे, की असा व्रण बहुधा नुसता रिकामा नसतो, तो खाली ओढलेला असतो. जखम भरताना तयार झालेले तंतू त्वचेला आतल्या थरांशी जखडून ठेवतात. गादीला जिथे टाका घातलेला असतो तिथे कितीही कापूस कोंबला तरी खळगा राहतोच आणि कडा मात्र फुगतात. चरबीचेही तेच होते. व्रण चिमटीत धरून हलवला आणि तो जागचा हलला नाही, की मी सुईचा विचार पक्का करतो.

तेवढ्या भागाला भूल देऊन, छोट्याशा छिद्रातून सुई आत सरकवायची आणि त्वचेला समांतर फिरवत तंतू तोडायचे, याला सबसिजन म्हणतात. तंतू तुटताना बोटांना बारीक करकर जाणवते, क्वचित ऐकूही येते. रुग्ण दचकतात ते त्या आवाजाने, दुखण्याने नव्हे. ही पद्धत १९९५ मध्ये या नावाने प्रसिद्ध झाली. चरबी भरण्याची कल्पना मात्र पुष्कळ जुनी आहे : जर्मन शल्यविशारद गुस्ताव न्यूबर यांनी १८९३ मध्येच दंडावरची चरबी चेहऱ्यावरच्या खोल व्रणात भरली होती.

सोडवलेले थर पुन्हा चिकटू नयेत म्हणून चरबी त्याच वेळी भरणे मला श्रेयस्कर वाटते. पोटावरून किंवा मांडीवरून काढलेली चरबी सिरिंजमध्ये उभी ठेवली, की वर तेल, खाली लालसर पाणी आणि मध्ये पिवळी चरबी असे थर दिसतात. कामाचा तो मधला थरच. तो थेंबाथेंबाने पसरावा लागतो, कारण नव्या रक्तवाहिन्या येईपर्यंत प्रत्येक कण शेजारच्या पेशींवर जगतो आणि मोठा गोळा आतून मरतो. चेहऱ्यावर चरबी भरायला बोथट कॅन्युलाच, म्हणजे बोथट टोकाची बारीक पोकळ नळीच, वापरावी; चरबी रक्तवाहिनीत शिरल्यास दृष्टी जाण्याचा धोका दुर्मीळ असला तरी खरा आहे, त्यामुळे हे पार्लरमध्ये करून घेण्याचे काम नव्हे.

काही चरबी शोषली जातेच, म्हणून निकाल तीन ते सहा महिन्यांनी पाहावा आणि दुसऱ्या खेपेची तयारी ठेवावी. पातळी सुधारते, व्रणाची रेघ आणि रंग बव्हंशी राहतात. सूज आणि काळेनिळेपणा उतरायला एक-दोन आठवडे सहज लागतात, त्यामुळे साखरपुडा तोंडावर आला असताना येणाऱ्यांना मी कार्य उरकून यायला सांगतो.