मूल रुग्णालयात असताना घराला लागणारा आधार

आजारी मुलाच्या आईवडिलांना धीर द्यावा, असे आपण सगळेच म्हणतो. पण धीर म्हणजे नेमके काय द्यायचे, याविषयी फारसे बोलले जात नाही. बालरुग्णांच्या वॉर्डात कुटुंबांच्या मदतीसाठी स्वयंसेवक म्हणून जाऊ लागल्यापासून माझे एक मत पक्के होत गेले आहे: कुटुंबाला मिळणारा आधार हा उपचारांचाच एक भाग आहे आणि तो औषधासारखाच वेळेवर, नेमका आणि खंड न पडू देता द्यायला हवा. कोणाच्या सवडीवर आणि भावनेच्या भरावर तो सोडून देणे मला चुकीचे वाटते.

असे वाटण्याचे कारण साधे आहे. मुलाचे उपचार चालू असताना आईवडील केवळ वाट पाहत बसलेले नसतात. डॉक्टरांचे म्हणणे समजून घेणे, संमतिपत्रावर सही करणे, औषधांच्या वेळा पाळणे, मुलाचा ताप वाढतो आहे की उतरतो आहे हे परिचारिकेच्याही आधी ओळखणे, घाबरलेल्या मुलाला तपासणीसाठी तयार करणे, नोकरीच्या ठिकाणी रजा मागणे, पैशांची जुळवाजुळव करणे आणि घरी मागे राहिलेल्या दुसऱ्या मुलाची व्यवस्था पाहणे, ही सगळी कामे ते अपुऱ्या झोपेवर आणि मनात सतत भीती असताना करत असतात. यांतले एखादे काम जरी कोलमडले, तरी त्याचा परिणाम शेवटी मुलाच्या उपचारांवर होतो.

आईवडिलांनी मुलाजवळ असावे, ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते, की ती मिळवण्यासाठी लोकांना झगडावे लागले होते यावर विश्वास बसत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांत पालकांना आठवड्यातून एखाद्या दिवशी, ठरवून दिलेल्या वेळेतच मुलाला भेटता येत असे. भेटीनंतर मुले रडतात आणि वॉर्डाची शिस्त बिघडते, असे त्यामागचे कारण सांगितले जाई. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे बालरोगतज्ज्ञ सर जेम्स स्पेन्स यांनी १९२०च्या दशकातच आयांना तान्ह्या बाळांसोबत रुग्णालयात राहू देण्याची पद्धत सुरू केली होती, परंतु ती अपवादात्मकच राहिली. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये काम करणारे जेम्स रॉबर्टसन यांनी मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या सहकार्याने या प्रश्नाचा बारकाईने अभ्यास केला. छोट्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचे चित्रीकरण करून त्यांनी ते १९५२ साली डॉक्टरांपुढे मांडले. आईवडिलांपासून दुरावलेले मूल आधी आकांत करते, मग खचते आणि शेवटी अलिप्त होते, असे तीन टप्पे त्यांनी दाखवून दिले. तिसऱ्या टप्प्यातले गप्प, शहाण्यासारखे वागणारे मूल ‘आता रुळले’ असे वॉर्डातील मंडळी समजत होती, आणि त्या मुलाचे रडणे थांबण्यामागे त्याने आशा सोडलेली आहे, हे रॉबर्टसन त्यांना सांगत होते. त्या पहिल्या प्रेक्षकांपैकी अनेकांना हे मुळीच पटले नाही.

तरीही १९५९ साली ब्रिटनमधील सरकारी प्लॅट समितीने आपल्या अहवालात मुलांना भेटण्यावरील निर्बंध काढून टाकावेत आणि विशेषतः पाच वर्षांखालील मुलांसोबत आईला राहता यावे, अशी शिफारस केली. अहवाल आला म्हणून रुग्णालये आपोआप बदलली नाहीत. १९६१ साली पालकांनीच एकत्र येऊन संघटना उभारली आणि एकेका रुग्णालयाला त्या शिफारशींची आठवण करून देण्याचे चिकाटीचे काम केले. पुढे १९८८ साली नेदरलँड्समधील लायडन येथे युरोपातील अशा संघटनांनी रुग्णालयातील मुलांच्या हक्कांची दहा कलमी सनद तयार केली. आईवडिलांना सतत मुलाजवळ राहण्याचा हक्क तर तीत आहेच, शिवाय त्यांना राहण्याची सोय मिळावी आणि मुलाजवळ राहिल्यामुळे त्यांच्यावर जादा खर्चाचा किंवा उत्पन्न बुडण्याचा भार पडू नये, असेही ती सांगते. हे शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण जवळ राहण्याची नुसती परवानगी दिली आणि राहणे परवडेल अशी तरतूद केली नाही, तर त्या परवानगीचा उपयोग ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनाच होतो.

आईची जवळीक प्रत्यक्ष जीव वाचवते, हेही आता मोजून सिद्ध झाले आहे. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ साली इनक्यूबेटर अपुरे पडत असताना डॉ. एद्गार रे सानाब्रिया यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे ठेवण्यास सुरुवात केली. हीच पुढे कांगारू पद्धत म्हणून ओळखली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळाची प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केली गेली. १ ते १.८ किलो वजनाच्या त्या बाळांपैकी पहिल्या २८ दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण प्रकृती स्थिर झाल्यावर ही पद्धत सुरू केलेल्या गटात १५.७ टक्के होते, तर लगेच सुरू केलेल्या गटात १२ टक्के. हे साधण्यासाठी नवजात अतिदक्षता विभागात आईसाठी खाट लावावी लागली आणि बाळंतिणीची शुश्रूषाही तिथेच करावी लागली. म्हणजे ज्याला आपण ‘पालकांची सोय’ म्हणून बाजूला ठेवतो, ती एक खाट या अभ्यासात उपचारांचे साधन ठरली.

झोपायच्या जागेचा प्रश्न एवढ्यासाठीच मी क्षुल्लक मानत नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फियामध्ये १९७४ साली पहिले रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस उघडले, त्याच्या मुळाशी हीच गरज होती. अमेरिकन फुटबॉल खेळणारे फ्रेड हिल यांच्या लहान मुलीवर रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू होते. दूरवरून आलेल्या पालकांना रुग्णालयाजवळ राहता येईल असे घर असावे, असे बालकर्करोगतज्ज्ञ डॉ. ऑड्री इव्हान्स यांच्या मनात होते, आणि हिल यांच्या संघाने त्यासाठी निधी उभा केला. आज अशी घरे जगातील अनेक देशांत आहेत. रात्र खुर्चीत बसून काढलेला माणूस सकाळी डॉक्टरांच्या राऊंडच्या वेळी विचारायचे प्रश्न विसरतो, चिडतो, औषधाची मात्रा ऐकण्यात चुकू शकतो. ज्यांना मदत करायची आहे त्यांनी एखादी रात्र मुलाजवळ बसण्याची जबाबदारी घेतली, तर तीही फार मोठी मदत असते, मात्र त्या माणसाची मुलाला आधीपासून ओळख हवी.

पैशांविषयी बोलताना आपण रुग्णालयाच्या बिलापाशी थांबतो. बिल माफ झाले किंवा विम्यातून भरले गेले, तरी ये-जा, बाहेरचे जेवण, भाडे, बुडालेली मजुरी आणि घरी राहिलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च उरतोच. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. एवढ्या काळात अनेक कुटुंबे थकतात आणि मूल बरे होऊ शकत असतानाही उपचार अर्ध्यावर सुटतात. बालकर्करोगाच्या क्षेत्रात ठरलेले उपचार सलग चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ चुकले, तर उपचार सोडले गेले असे धरले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सुरू केलेल्या उपक्रमात २०३० पर्यंत जगभरातील किमान ६० टक्के बालकर्करोगग्रस्त मुले वाचावीत, असे उद्दिष्ट ठेवले आहे. नुसती औषधे पुरवून ते गाठता येणार नाही. पुढच्या तारखेला कुटुंब आले नाही, तर त्याच दिवशी फोन करणारा आणि न येण्याचे कारण विचारून ते दूर करणारा माणूस रुग्णालयात असावा लागतो. वैद्यकीय समाजसेवकाचे पद रिकामे ठेवून वाचवलेला पगार मला म्हणूनच फार महाग वाटतो.

माहिती हाही आधार आहे. निदान ऐकताना बहुतेक पालकांना पहिल्या वाक्यानंतरचे फारसे काही आठवत नाही. त्यामुळे त्या वेळी सोबत आणखी एकाने असावे, बोलणे लिहून घ्यावे आणि नंतर शांतपणे पुन्हा वाचून दाखवावे. मुलालाही त्याच्या वयाला समजेल असे खरे सांगायला हवे. ‘काही दुखणार नाही’ असे सांगून सुई टोचली, की पुढच्या वेळी ते मूल आपल्यावर विश्वास ठेवत नाही. एमा प्लँक यांनी १९५५ साली अमेरिकेतील क्लीव्हलँडमध्ये मुलांना खेळातून उपचारांसाठी तयार करण्याचे काम सुरू केले आणि त्यातून आज अनेक रुग्णालयांत स्वतंत्र प्रशिक्षित कर्मचारीवर्ग तयार झाला आहे. बाहुलीला सलाईन लावून पाहिलेले मूल स्वतःच्या हाताला सलाईन लावताना पूर्णपणे निर्धास्त नसते, पण पुढे काय होणार हे त्याला ठाऊक असते. सुई टोचताना मुलाला आडवे दाबून धरण्याऐवजी आईच्या किंवा वडिलांच्या मांडीवर, कुशीत घट्ट धरून बसवता येते आणि तान्ह्या बाळाला त्याच वेळी अंगावर पाजता येते. त्यामुळे त्रास कमी होतो. पालकांनी याविषयी परिचारिकेला विचारायला मुळीच संकोच करू नये.

घरी राहिलेल्या भावंडांकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते आणि मला त्याचे फार वाईट वाटते. लहान मुलांना आपल्या मनातल्या विचारांनी घटना घडतात असे वाटत असते. त्यामुळे भांडणात आपण रागाने काही बोललो म्हणून ताई आजारी पडली, अशी समजूत एखादे मूल मनात धरून बसते आणि कोणालाही सांगत नाही. हाच आजार आपल्यालाही होईल का, ही भीतीही असते. कोणी विचारले नाही, तरी मोठ्यांनी आपणहून सांगावे: हे तुझ्यामुळे झालेले नाही, तू काही बोललास किंवा वागलास म्हणून असा आजार होत नाही, आणि तुझी काळजी कोण घेणार आहे तेही ठरलेले आहे. शक्य असेल तेव्हा भावंडांची भेट घडवून आणावी, पण नळ्या, यंत्रे आणि गळलेले केस यांची कल्पना आधी द्यावी. आजी-आजोबा, मावशी, काका यांनी आजारी मुलासाठी खेळणी आणण्यापेक्षा या दुसऱ्या मुलाला रोज शाळेत पोहोचवले आणि त्याच्या छोट्या यशाकडेही लक्ष दिले, तर आईवडिलांच्या मनावरचे मोठे ओझे उतरते.

‘काही लागले तर सांगा’ हे वाक्य मनापासूनचे असते, परंतु ते काम पुन्हा थकलेल्या माणसावरच टाकते. त्याने गरज ओळखायची, संकोच बाजूला ठेवायचा आणि मग मागायचे. त्याऐवजी ‘मंगळवारी आणि शुक्रवारी रात्रीचे जेवण मी पाठवीन’ असे ठरवून सांगावे आणि ते निभवावे. प्रकृतीची बातमी सर्वांना कळवण्याचे काम कुटुंबातील एकाच व्यक्तीने हाती घ्यावे, म्हणजे आईवडिलांना तेच दुःख दिवसभर फोनवर उगाळावे लागत नाही. वडिलांनाही वेगळे विचारावे. त्यांनी खंबीर राहायचे असे गृहीत धरून त्यांच्याशी केवळ पैशांचे बोलले जाते. सर्दी, ताप किंवा अंगावर पुरळ असलेल्याने भेटीला जाऊ नये, कारण किमोथेरपी घेणाऱ्या मुलाला कांजिण्यासारखा आजारही जिवावर बेतू शकतो. ऐकीव रामबाण उपाय सुचवू नयेत आणि आईच्या गरोदरपणात काय चुकले याचा शोध तर कधीच घेऊ नये. ज्यांना शक्य आहे त्यांनी रक्तपेढीत नाव नोंदवून ठेवावे. प्लेटलेट जेमतेम पाच ते सात दिवस टिकतात, त्यामुळे एका दिवशी शंभर दाते येण्यापेक्षा ठराविक दिवसांनी थोडे थोडे दाते येणे वॉर्डाला अधिक उपयोगी पडते.

मूल वाचले नाही, तर लोक त्या घरी जायला कचरतात, कारण काय बोलावे ते सुचत नाही. ज्या पालकांशी मी बोलत राहिले, त्यांना सुचलेले शब्द नको होते; मुलाचे नाव उच्चारले जावे आणि त्याच्या आठवणी ऐकल्या जाव्यात, एवढेच हवे होते. मृत्यूचा दाखला, रुग्णालयाचे कागद आणि शाळेला कळवणे ही कामे त्या दिवसांत दुसऱ्या कोणीतरी हातात घ्यावीत.

आणि मूल बरे होऊन घरी येते, तेव्हा मदत एकदम थांबते. डिस्चार्जच्या दिवशी आनंद असतोच, पण आतापर्यंत परिचारिका करत असलेली कामे, म्हणजे नळीतून अन्न देणे, छातीतील कॅथेटरची (औषधे देण्यासाठी बसवलेल्या नळीची) स्वच्छता, तापावर लक्ष, आता आईवडिलांवर येतात. म्हणून ही कामे रुग्णालयातच, परिचारिकेच्या देखरेखीखाली, एकाहून अधिक माणसांनी शिकून घ्यावीत, आणि रात्री ताप आला तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा हे लिहून घ्यावे. अतिदक्षता विभागातून बाहेर आलेल्या मुलांच्या आईवडिलांना पुढे कित्येक महिने झोप न लागणे, यंत्राच्या आवाजासारखा आवाज ऐकू येताच छाती धडधडणे, तेच प्रसंग डोळ्यांपुढे येणे असा त्रास होऊ शकतो. तो आघातानंतरचा तणाव असतो आणि त्यावर उपचार आहेत. जेवण पाठवणाऱ्यांनी आपले मंगळवार आणि शुक्रवार या काळातही चालू ठेवावेत, आणि मुलाच्या पुढच्या तपासणीला सोबत कोण जाणार हे डिस्चार्जपूर्वीच ठरवून टाकावे.