कार्लाइलच्या बाजारात खडू घेऊन

न्यू जर्सीतल्या एडिसनहून कार्लाइल गाडीने तीनेक तासांवर. पेनसिल्वेनियातल्या या गावच्या जत्रेच्या मैदानावर १९७४ साली दोन मिलरांनी (आडनाव एक, नातं काहीच नाही) जुन्या गाड्यांचा बाजार सुरू केला. मी आणि मेहुणा पानगळीतल्या बाजाराला गेलो. क्रोमच्या बंपरांच्या रांगा सरळ ओलांडल्या, कारण मला उघडे इंजिन ब्लॉक, म्हणजे इंजिनांचे ओतीव सांगाडे, बघायचे होते.

ताडपत्रीवर शेवरलेचा एक स्मॉल ब्लॉक (लहान आकाराच्या व्ही-८ इंजिनाचा) होता. पुठ्ठ्यावर लिहिलेलं : '१९६९ कॅमेरो झेड/२८, ३०२'. म्हणजे शेवरलेच्या कॅमेरो गाडीच्या झेड/२८ या शर्यती प्रकाराचं ३०२ घनइंची इंजिन. किंमतही त्याच तोऱ्यातली. मागच्या फ्लँजवर (कडेच्या पट्टीवर) तारेचा ब्रश मारला, वर खडू घासला आणि उठावाचे आकडे पांढरे झाले : ३९७००१०. मेहुणा खूश! पण हाच नंबर १९६९च्या ३०२वर असतो आणि पुढे दशकभर ३५०वरही. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंचच, फरक क्रँकच्या स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या वरखाली चालीचा. पलीकडे ओतकामाची तारीख होती : 'सी १४ ९'. सी म्हणजे मार्च, तारीख १४, आणि ९ हा वर्षाचा शेवटचा आकडा. आता ते १९६९ की १९७९, हे तुम्हीच ठरवा.

कोल्हापूरला शिरोलीच्या फाउंड्र्यांत वावरलोय, त्यामुळे उठावाच्या आकड्यांवर माझा भरवसा. ते पॅटर्नवरून वाळूत उमटतात आणि धातूबरोबरच येतात. लबाडी चालते ती नंतर ठोकलेल्या अक्षरांत. उजव्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पुढे एक सपाट पट्टी असते, तिथे 'व्ही०३०६डीझेड' ठोकलं होतं. व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, डीझेड म्हणजे झेड/२८चं ३०२. मधली तारीख इंजिन जोडल्याची, ६ मार्च. म्हणजे १४ मार्चला ओतलेला ब्लॉक आठ दिवस आधीच जोडून तयार! शिवाय कारखान्यातल्या ब्रोचिंगच्या (दातेरी हत्याराने तासण्याच्या) बारीक समांतर रेघा त्या पट्टीवर दिसायला हव्या होत्या. इथे नुसते ग्राइंडरचे ओरखडे.

विक्रेत्याला दोन्ही तारखा दाखवल्या. त्याने खांदे उडवले आणि म्हणाला, मग ३५० म्हणून घेऊन जा. भाव निम्म्यावर आला, तरी आम्ही नाही घेतला.

पुढच्या रांगेत क्रायस्लरच्या ४२६ हेमी इंजिनाचा ब्लॉक होता, नंबर २४६८३३०. क्रायस्लरवाल्यांचं बरं असतं, ते महिना, दिवस आणि वर्षाचे दोन्ही आकडे ओततात. तिथे दशकाचा घोळ नव्हता. आमचं घोडं किमतीपाशीच अडलं.