रविवारची पाच मिनिटं

कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी एक विधी चालतो. बनियन-लेंग्यातले एखादे काका खाली येतात, गाडीचं कव्हर बोनेटपुरतं वर सारतात, गाडी सुरू करून पाच मिनिटं उभ्या जागी घुरघुरू देतात आणि बंद करून समाधानाने वर जातात. बॅटरी चार्ज झाली म्हणे! महिन्याकाठी जेमतेम एकदा रस्त्यावर जाणाऱ्या गाडीचं याने भलं होण्याऐवजी नुकसानच जास्त होतं.

हिशेब साधा आहे. गाडी लॉक असली तरी घड्याळ, अलार्म आणि इसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) मिळून २०-३० मिलिअँपिअर खातच असतात. ३० धरले तर आठवड्याला पाच अँपिअर-अवर गेले. लहान गाडीची बॅटरी असते ३५ ची. उभ्या इंजिनातून बॅटरीत अगदी दहा अँपिअर जातात असं मानलं, तरी पाच मिनिटांत परत येतात पाऊण-एक. त्यातून स्टार्टरने खाल्लेलं वेगळंच. मल्टिमीटर लावून पाहावं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.४ च्या खाली आली की चार्जिंगला घ्यायची. अर्धवट भरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, आणि मग चार्जरही काही करू शकत नाही.

दुसरं दुखणं पाण्याचं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. सायलेन्सर तापलेला असेल तर ते वाफ होऊन निघून जातं, गार असेल तर आतच साचतं आणि पत्रा आतून गंजवतं. थंड इंजिनात थोडं पेट्रोल आणि ओल ऑइलमध्येही उतरते. टेंपरेचरचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल तापलं असं नव्हे, ते बरंच मागे असतं. म्हणून गाडी काढायचीच तर २५-३० मिनिटं रस्त्यावर नीट पळवावी, त्यात दहा मिनिटं एसी लावावा म्हणजे कंप्रेसरच्या सिलांना तेल मिळतं. तेवढा वेळ नसेल तर चावीला हातच लावू नये.

महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. आधी निगेटिव्हच, कारण पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. जोडताना निगेटिव्ह शेवटी. मात्र वायर सोडवण्याआधी डिकीत काही राहिलं नाही ना, हे पाहून घ्यावं. बऱ्याच गाड्यांची डिकी विजेशिवाय उघडत नाही.

हँडब्रेक ओढून ठेवू नये. पावसाळ्यात मागच्या ब्रेकच्या ड्रमला लायनर असे चिकटतात, की गाडी हलायलाच तयार होत नाही. सपाट जागा, पहिला गिअर आणि चाकांपुढे-मागे विटा, बस्स. टायरमध्ये नेहमीपेक्षा पाचेक पीएसआय हवा जास्त भरावी, टायरवर छापलेली कमाल मर्यादा न ओलांडता, आणि पंधरा दिवसांनी गाडी पाव चाकभर सरकवावी. पेट्रोलची टाकी भरलेली बरी: इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि रिकाम्या टाकीत हवाच जास्त.

कव्हर प्लॅस्टिकचं नको आणि ओल्या गाडीवर तर कुठलंच नको. आत कोंडलेल्या दमटपणाने मुंबई-कोकणात स्टिअरिंगवर, सीटबेल्टवर पांढरी बुरशी धरायला आठवडाही पुरतो. वायपरखालच्या जाळीतली झाडाची पानं काढावीत. तिथली पाणी जायची भोकं बुजली की पाणी गालिच्याखाली उतरतं, आणि वास यायला लागेपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

पण उभ्या गाडीचा खरा शत्रू उंदीर. एअर फिल्टरच्या डब्यात चिंध्या, कागद, शेंगांची टरफलं नेऊन तो संसार थाटतो, आणि दात शिवशिवले की वायरिंग आहेच. तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या, फिनाइल यांनी काही दिवस फरक पडतो, वास उडाला की पुन्हा येरे माझ्या मागल्या. त्याला अंधार आणि निवांतपणा लागतो. पार्किंग बंदिस्त, सुरक्षित असेल तर बोनेट उघडं ठेवणं हा त्यातल्या त्यात चांगला उपाय. हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी बसवली तर फिल्टर वाचतो. गाडीत बिस्किटाचा चुरा राहिला असेल तर मात्र सगळंच फुकट.

पुन्हा गाडी काढताना स्टार्टर मारण्याआधी बोनेट उघडून फिल्टरचा डबा आणि वायरी बघाव्यात, ऑइलची काडी तपासावी, टायरची हवा नेहमीच्या मापावर आणावी. ऑइल किलोमीटर न होताही वर्षाने बदलायचं असतं. पहिल्या शंभर मीटरला ब्रेक खरखरतील. डिस्कवरचा तांबूस गंज असतो तो, चार-पाचदा हलके ब्रेक दाबले की निघून जातो. नाही निघाला तर गॅरेज. आणि गेटबाहेर पडण्याआधी पीयूसी आणि विम्याची तारीख बघून घ्या. विमा संपून ९० दिवस उलटले, की इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही जाते.