म्हैस कुठं बघते?

आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन जानेवारीत असतं. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, शाल-श्रीफळ, अहवालवाचन सगळीकडं होतं तसंच होतं. मी वाट बघते ती त्यानंतरच्या अर्ध्या तासाची, पोरांनी केलेल्या मातीच्या जनावरांना स्टेजवर डोळे काढतात त्याची.

पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोह्याकडच्या माणसाला मातीचं कौतुक काय सांगायचं! घराघरात गणपतीचा कारखाना. आमचे गणपती बोटीत बसून परदेशी जातात, आणि शाळेत मात्र चित्रकला म्हणजे दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये कलेसाठी अंशकालीन निदेशक दिले, पण ते सहावी ते आठवीला, तेही पट शंभरावर असेल तर. आमची शाळा चौथीपर्यंत. शेवटी व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक वहिनी वैतागून म्हणाल्या, "अर्धं गाव मूर्ती करतं, निदेशक कसला शोधताय?" मीही त्या समितीत होते, त्यामुळे या कार्यक्रमाबद्दल मी तटस्थपणे बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

गावातले मूर्तिकार अण्णा पोरांना शिकवायला तयार झाले, पण दोन अटींवर. साचा आणायचा नाही आणि गणपती करायचा नाही. "देव त्यांच्या घरात रोजच होतो. म्हैस करा, कोंबडी करा." काही पालक नाराज झाले, साच्याशिवाय वस्तू बरी दिसत नाही म्हणे. पहिल्या वर्षी खरंच दिसली नाही. शाडू घाईत मळलेला, पोरांनी जनावरं उन्हात मांडली आणि निम्मी तडकून तीन पायांवर आली. पुढच्या वर्षापासून मातीवर ओलं गोणपाट आणि वाळवण सावलीत. दिवाळीनंतर दर शनिवारी तास होतो, तेव्हा कारखानेही जरा निवांत असतात.

मुलं आपापलं जनावर रंगवून आणतात, फक्त डोळे कोरे ठेवून. डोळ्यांची आखणी अण्णा करणार, स्टेजवर, सगळ्यांसमोर. माईक हातात दिला की ते "नमस्कार" म्हणून परत करतात. खाली बसतात, बारीक ब्रश ओठांवर फिरवून टोक काढतात आणि पोराला विचारतात, "ही कुठं बघते?" उत्तर मिळाल्याशिवाय ब्रश टेकत नाही. एकानं सांगितलं, "घंटेकडं." एक मुलगी कितीतरी वेळ गप्प उभी होती. मग हळूच म्हणाली, "पारडू मागं राहिलंय." अण्णांनी दोन्ही बुबुळं कोपऱ्यात सरकवली, आणि त्या ओबडधोबड म्हशीनं मान न वळवता मागं पाहिलं. मी दरवर्षी ठरवते की रडायचं नाही.

हे बघायला माणसं किती असतात? आपल्या पोराचा नाच झाला की अर्धा मांडव रिकामा. ज्यांच्या घरात तीन पिढ्या आखणी झाली तेही उठतात, गावात त्याच दिवशी क्रिकेटचे सामने असतात. एक साहेब तर बक्षिसं वाटून पाचव्या मिनिटाला गाडीत बसले. असो.

आता आभार, कारण मागच्या वेळी दोन नावं राहिली आणि मला महिनाभर ऐकावं लागलं. भावनगरी शाडूच्या गोणी देणारे खालच्या आळीतले कारखानदार, त्या भाडं न घेता पोचवणारा टेम्पोवाला पुतण्या, माती मळणाऱ्या बचत गटाच्या सातही जणी (सहा नाही, सातवी उशिरा आली, पण आली), उरलेले रंग देणारे काका, वाळवणासाठी फळ्या देणारे सुतार, शनिवारी खिचडी झाल्यावरही थांबून पोरांचे हात धुणाऱ्या पोषण आहाराच्या मावशी, मांडववाले, आणि वीज गेल्यावर मोबाइलचा उजेड धरणारी चौथीच्या वर्गातली, एका पोराची मोठी बहीण. गोणपाटं कुणी दिली ते अजून कळलेलं नाही. धुऊन, घडी करून व्हरांड्यात ठेवली आहेत, ज्यांची असतील त्यांनी न्यावीत.